जिवंत कुंपण: चर खणण्यापासून तिसऱ्या वर्षाच्या छाटणीपर्यंत

करवंदीचं कुंपण लावून तीन वर्षं झाली, झाडं छातीएवढी झाली, तरी शेळ्या आत येतातच, ही तक्रार घेऊन दर पावसाळ्यात कुणी ना कुणी भेटतं. जाऊन बघावं तर चित्र तेच. वर हिरवागार झुपका आणि गुडघ्याखाली नुसती उघडी खोडं. दोन खोडांच्या मधून शेळीच काय, वासरूही अंग चोरून आत शिरेल. जमीन बरी असते, पाणीही दिलेलं असतं, फक्त पहिल्या वर्षी कुणी कात्री लावलेली नसते.

कुंपण वरून आपोआप वाढतं, खालून ते भरून घ्यावं लागतं. पुढचा सगळा क्रम या एका गोष्टीसाठी आहे. डोळ्यांसमोर धरला आहे तो १० गुंठे ते एक-दोन एकरांचा, महाराष्ट्रातला, शेतघराचा किंवा बागेचा तुकडा. बंगल्याभोवतीच्या कुंपणात जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

## कामाचं वर्ष कुठे सुरू होतं

बहुतेक लोक जूनमध्ये नर्सरीत जाऊन जे दिसेल ते उचलून आणतात. तोवर निम्मी कामं हुकलेली असतात. हद्द आणि झाडाची निवड जानेवारी ते मार्चमध्ये उरकायची. चर एप्रिल-मेमध्ये, लावणी मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर ते पुनर्वसूपर्यंत, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, फार तर जुलैअखेर. करवंदीची रोपं स्वतः बियांपासून करणार असाल तर अख्खं एक वर्ष आधी लागा. करवंदाचं बी साठवलं की उगवण झपाट्याने घटते. मे-जूनमध्ये पिकलेल्या काळ्या करवंदांचा गर धुऊन, बी सावलीत सुकवून त्याच आठवड्यात पिशव्यांत टाकायचं आणि रोपं पुढच्या पावसाळ्यात लावायची.

## १. आधी हद्द, मग झाड

सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, रेषा कळत नाही. शेजाऱ्याशी हद्दीबद्दल जराही मतभेद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या, ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) हातात ठेवा आणि मोजणीच्या दिवशी रोवलेल्या खुणांच्या जागी दगड पक्के करा. तारेचं कुंपण चुकलं तर उपटून सरकवता येतं. पाच वर्षांची करवंद सरकत नाही.

रेषेवर लावू नका, आत लावा. करवंद, चिलार, सागरगोटा यांसाठी कुंपणाची मधली रेषा हद्दीपासून निदान ३ फूट आत घ्या. कोयनेल, मेंदी, अडुळसा यांना २ फूट पुरतात. जागा वाया जाते म्हणून लोक कुरकुरतात. पण बाहेरची बाजू छाटायला माणूस तिथे उभा राहायला हवा, नाहीतर दर वर्षी शेजाऱ्याच्या उभ्या पिकात पाय ठेवायची परवानगी मागत बसाल. बांध सामाईक असेल तर बांधावर एकही रोप नको.

रेषा आखताना तीन गोष्टी बघा.

पाण्याची वाट: पावसाळ्यात तुमच्या किंवा वरच्या शेतातलं पाणी कुठून बाहेर पडतं ती जागा मोकळी सोडा. दाट कुंपणात पालापाचोळा अडकून बांध तयार होतो आणि पाणी दुसरीकडून माती फोडतं.

वहिवाट: बांधावरून कुणाची पूर्वीपासूनची ये-जा असेल तर ती झाडांनी अडवू नका. असा अडथळा काढून टाकण्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा होतो. हौसेने वाढवलेली झाडं तोडायची वेळ तुमच्यावरच येते.

विजेची तार: तारेखाली गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया), विलायती चिंच किंवा बांबू नको. तिथे छातीच्या वर न जाऊ देता येणारं झाड घ्या.

फाटकाला ट्रॅक्टर जायचा असेल तर १२ फूट ठेवा आणि फाटकाच्या खांबांपासून दोन्हीकडे ३ फूट मोकळे सोडा. काट्याच्या फांद्या फाटकात आल्या की पहिला ओरखडा तुमच्याच गाडीला.

*तपासणी:* खुंट्या ठोकून दोरी ताणा, शेजाऱ्याला बोलावून दोरीच्या कडेने त्याच्याबरोबर एक फेरी मारा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चर त्यानंतर.

## २. कुंपण कशासाठी, ते एका वाक्यात ठरवा

‘दिसायला छान, फुलंही हवीत, जनावरंही येऊ नयेत’ हे उत्तर चालत नाही. कुणाला अडवायचं आहे?

गुरं आणि शेळ्या. इथे करवंद पहिल्या नंबरावर. सदाहरित, काटेरी, मुरमाड जमिनीत आणि कमी पाण्यावर टिकते, वर उत्पन्न देते. दोष एकच, पहिलं दीड वर्ष ती हलतच नाही असं वाटतं. चिलार आणि सागरगोटा काट्यांना जास्त वाईट आणि वाढीला वेगवान, पण त्यांची वाढ वेलीसारखी सुटी पसरते. छाटायला वर्षातून दोन-तीनदा माणूस मिळणार नसेल तर घराजवळ हे लावू नका. विलायती चिंचही दाट काटेरी कुंपण करते, पण ते मुळात मोठं झाड आहे. दोन वर्षं हात आखडला की कुंपणाची झाडांची रांग होते.

काट्यांऐवजी जनावरं तोंड लावत नाहीत अशी झाडं घेणं हा दुसरा मार्ग. अडुळसा, निर्गुडी, कोयनेल आणि शेर. ही कापातून, म्हणजे तोडून लावलेल्या काडीतून येतात, म्हणून जवळजवळ फुकट. मात्र शेराचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर दाह होतो. छाटताना चष्मा लावायचा आणि लहान मुलांच्या घराजवळ शेर नकोच.

रानडुक्कर, रोही (नीलगाय), माकडं. इथे स्पष्ट बोललेलं बरं. माकडं कुठल्याच झाडाने अडत नाहीत. रोही कमरेएवढं कुंपण चालता चालता ओलांडतो. डुक्कर खालच्या फटीत नाक घालून ढकलतं, म्हणून तिथे बाहेरून घायपाताची एक ओळ आणि आत करवंद, असा दुहेरी बंदोबस्त करावा लागतो, तोही पक्का नाही. उपद्रव जास्त असेल तर तार लागणारच.

फक्त नजर आणि धूळ. बंगल्याभोवती, सोसायटीत कोयनेल किंवा मेंदी. कोयनेल महिन्या-दीड महिन्याला कात्री मागते, पण भिंतीसारखी सपाट होते. मेंदी थोडी विरळ, पण पाणी कमी लागतं. बोगनवेल उन्हातच खुलते. सावलीच्या बाजूला लावली तर फक्त काटे आणि पानं मिळतील.

बांधावर हिरवळीचं खत आणि तारेला खांब. गिरिपुष्प. त्याचा पाला खताला उत्तम. पण गिरिपुष्प एकटं म्हणजे कुंपण नव्हे. ते खांब आहेत, मधली जागा भरायला दुसरं काही लागतं.

आता काय लावू नये. घाणेरी आणि वेडी बाभूळ कितीही फुकट मिळाली तरी नको, ती तुमच्या आणि शेजाऱ्याच्या रानात पसरते आणि आवरत नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दिसायला सुंदर आणि जनावरं खात नाहीत म्हणून लोक लावतात. तिचं फळ जीवघेणं विषारी आहे, साध्या कण्हेरीचे सगळे भागही विषारीच. ड्युरांटाची पिवळी फळंही मुलांच्या तोंडात जाऊ नयेत. आणि संत्री, मोसंबी, लिंबाच्या बागायतदारांसाठी खास: कुंतीचं सुवासिक कुंपण बागेभोवती लावू नका, कढीपत्त्याची रांगही नको. संत्र्यावरची सिला कीड या दोन्हींवर आनंदाने वाढते आणि तीच कीड ग्रीनिंग रोग पसरवते. कापूस किंवा पपई शेजारी असेल तर जास्वंदीचं कुंपणही विचार करून लावा, पिठ्या ढेकणाला ते माहेरघर आहे.

## ३. रोपांचा हिशेब

१० गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. तुकडा चौरस असेल तर एक बाजू सुमारे १०४ फूट आणि चारी बाजू मिळून ४१७ फूट. फाटकाचे १२ वजा केले की ४०५ राहिले. खांबांजवळ मोकळे सोडायचे ६ फूट थोडे आहेत, ते इथे वजा केलेले नाहीत. (लांबट तुकड्याची हद्द याहून जास्त भरते, म्हणून टेपने मोजाच. क्षेत्रावरून अंदाज नको.)

करवंद दोन ओळींत, नागमोडी लावायची: ओळीत दोन रोपांत ३ फूट, दोन ओळींत १ फूट, आणि दुसऱ्या ओळीचं रोप पहिल्या ओळीच्या दोन रोपांच्या बरोबर मध्ये. ४०५ भागिले ३ म्हणजे एका ओळीत १३५, दोन ओळींत २७०. मर धरून दहा टक्के जास्त, म्हणजे ३०० रोपं. ही जास्तीची ३० रोपं मोठ्या पिशव्यांत बदलून वाढवत ठेवायची. पुढच्या वर्षी सांधे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरायला त्याच वयाचं रोप हाताशी असलं की काम सोपं होतं.

कोयनेल आणि मेंदीला १ फूट अंतर, एक ओळ पुरते. अडुळसा-निर्गुडीला दीड फूट. गिरिपुष्पाचे खुंट तारेसाठी ५ ते ६ फुटांवर.

नेहमीची चूक: लवकर दाट व्हावं म्हणून करवंद एक-एक फुटावर लावणं. रोपं उजेडासाठी एकमेकांशी चढाओढ करत सरळ वर जातात आणि खालच्या फांद्या आपोआप मरतात.

## ४. चर

दोन ओळींसाठी चर २ फूट रुंद, दीड फूट खोल. एका ओळीला दीड बाय दीड पुरतो. खणताना वरची एक वीतभर माती एका बाजूला, खालचा मुरूम किंवा पांढरी माती दुसऱ्या बाजूला. जेसीबीने काम करत असाल तर हे चालकाला आधी सांगा आणि उभे राहून करून घ्या, नाहीतर मुरूम आणि सुपीक माती एकातच मिसळून जाते. चर महिनाभर कडक उन्हात उघडा राहू द्या, हराळीच्या काश्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढा. हराळी चरात राहिली तर कुंपणात शिरलेली हराळी पुढे कधीच निघत नाही. मी एका ओळीत हा कंटाळा केला होता. त्या ओळीत आजही विळा घेऊन पोटावर पडून गवत काढावं लागतं, अंगभर काटे टोचून घेत.

खताचा हिशेब: ४०५ फूट लांब, २ रुंद, दीड खोल म्हणजे सुमारे १,२१५ घनफूट. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणून साधारण १२ ब्रास माती. त्यातला चौथा हिस्सा, ३ ब्रास, कुजलेलं शेणखत. ‘कुजलेलं’ या शब्दावर अडून बसा. मुठीत घेतल्यावर भुसभुशीत लागलं पाहिजे, शेणाचा वास आला नाही पाहिजे. कच्च्या शेणात हुमणीच्या अळ्या येतात, वाळवीही ओढली जाते, आणि पहिल्या वर्षी मेलेल्या बऱ्याच रोपांच्या मुळाशी तुम्हाला तीच पांढरी वळलेली अळी सापडेल. जमल्यास रोपामागे दोन मूठ निंबोळी पेंड मिसळा.

चर मेअखेर भरून टाका. आधी वरची माती आणि खत मिसळून तळाशी, उरलेला मुरूम शेवटी वर किंवा बाहेरच्या बाजूला बांधासारखा. माती जमिनीपेक्षा ३-४ इंच उंच ठेवा, पहिल्या दोन पावसांत ती बसते.

जमिनीप्रमाणे बदल:

काळ्या जमिनीत चर हौदासारखा भरतो आणि रोपं पाण्यात सडतात. तिथे चर भरल्यावर अर्धा फूट उंच वरंबा करा आणि रोप वरंब्यावर लावा.

कोकणात उतारावर सलग चर काढलात तर आषाढात त्याचा ओढा होतो. दर १०-१२ फुटांवर २ फूट न खणलेला भाग सोडा. कातळ लागला तर चराचा हट्ट सोडून पहारेने जमतील तिथे खड्डे घ्या, रोपांचं अंतर थोडं पुढेमागे झालं तरी चालतं.

## ५. रोपं आणि काप निवडणं

मोठं रोप म्हणजे लवकर कुंपण, हा समज महागात पडतो. लहान पिशवीत तीन फुटी झालेलं रोप म्हणजे आत मुळांची वेटोळी झालेलं रोप. फूट-सव्वा फूट उंच, शिसपेन्सिलीपेक्षा थोडं बारीक खोड आणि शक्य तर खालपासून फुटवे असलेलं रोप घ्या. ३०० रोपं घेताय, तेव्हा नर्सरीवाल्याला एक पिशवी फाडून दाखवायला सांगा. मुळं पांढरी आणि गोलाभोवती सैल असतील तर ठीक. तळाशी दोरीसारखी गुंडाळलेली असतील तर दुसरी नर्सरी बघा. आणलेली रोपं आठ-दहा दिवस तुमच्याच जागेवर, झाडाच्या विरळ सावलीत ठेवा.

काप लावणार असाल तर: कोयनेल, अडुळसा, निर्गुडीच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या, तीन-चार डोळ्यांच्या. दोन डोळे मातीत, बाकी वर. गिरिपुष्पाचे खुंट अंगठ्याहून जाड, ५ फुटी. ते खालच्या बाजूने एक फूट गाडायचे, भोवती माती पायाने घट्ट दाबायची.

कापात सगळ्यात जास्त होणारी चूक हास्यास्पद वाटेल, पण उलटी काडी लावणारे खूप आहेत. पानं उतरवली की वर-खाली कळत नाही, आणि उलटी काडी फुटली तरी नीट धरत नाही. उपाय सोपा: झाडावरून कापतानाच बुंध्याकडचा काप तिरका आणि शेंड्याकडचा सरळ घ्यायचा. तिरकं टोक मातीत. हे मजुरांना काम सुरू होण्याआधी करून दाखवा, तोंडी सांगून उपयोग होत नाही.

सागरगोट्याचं बी थेट चरात टोकणार असाल तर त्याचं कवच दगडासारखं असतं. खडबडीत दगडावर एका बाजूने घासून आतला पांढरा भाग जरासा दिसू द्या, मग रात्रभर पाण्यात ठेवा. न घासता टोकलं तर वर्षभर तसंच पडून राहील.

## ६. लावणीचा दिवस

पहिल्या वळवाने भुलू नका. चराच्या भरावात हात घालून बघा: वीतभर खोल माती ओली हवी आणि मुठीत दाबली की तिचा लाडू व्हायला हवा. मृगात लावून मग पंधरा दिवस पावसाने दडी मारली तर टँकर आणावा लागतो. ढगाळ दिवस किंवा दुपारी तीननंतरची वेळ घ्या.

क्रम असा:

१. आदल्या संध्याकाळी सगळ्या पिशव्यांना पाणी.

२. दोरी ताणून, ३ फुटांची काठी घेऊन दोन्ही ओळींच्या जागांवर चुन्याची खूण. डोळ्याच्या अंदाजाने लावू नका, शंभर फुटांत ओळ दोन फूट सरकते.

३. खुरप्याने पिशवीच्या आकाराचा खड्डा. पिशवी ब्लेडने उभी फाडायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही.

४. पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक. खोडावर माती चढवली तर ते मानेशी कुजतं. वर ठेवलं तर मुळं उघडी पडतात.

५. चारी बाजूंनी माती हाताने दाबा. रोपाचा शेंडा चिमटीत धरून हळू ओढा. रोप वर आलं तर माती सैल आहे.

६. पाऊस चालू असला तरी प्रत्येक रोपाला तांब्याभर पाणी. माती मुळाला चिकटते ती या पाण्याने.

*तपासणी:* फाडलेल्या पिशव्या एका पोत्यात गोळा करा आणि संध्याकाळी मोजा. २७० रोपं लावली आणि पिशव्या २५५ भरल्या, तर पंधरा रोपं पिशवीसकट जमिनीत आहेत. ती त्याच दिवशी शोधा. मी एकदा ‘वाऱ्याने उडाल्या असतील’ म्हणून सोडून दिलं. दिवाळीला ओळीत तेरा रोपं पिवळी पडली आणि उपटून बघितलं तर मुळं पिशवीतच गोल फिरत होती.

## ७. कुंपणाला कुंपण

जिवंत कुंपण पहिली दोन वर्षं कुणालाही अडवत नाही, उलट त्यालाच सांभाळावं लागतं. करवंदीचे कोवळे शेंडे शेळ्या चवीने खातात. रोपांच्या बाहेरून बोरी-बाभळीच्या काट्यांची तात्पुरती वई घाला. रोपांपासून दोन फूट अंतर ठेवा, नाहीतर काट्यांच्या सावलीत रोपं एका बाजूने उघडी राहतात. ही वई वर्षभरात वाळवी खाते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा घालायची तयारी ठेवा. पैसे असतील तर दोन पदरी तार, पण ती रोपांना न बांधता वेगळ्या खांबांना. गिरिपुष्पाच्या खुंटाला तार गुंडाळू नका, झाड जाडावलं की तार आत रुतते.

## ८. पहिली छाटणी, जिथे हात अडखळतो

लावणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी, म्हणजे ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, रोपाने नवी दोन-चार पानं टाकलेली दिसली की धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) घ्या आणि प्रत्येक रोप जमिनीपासून एका वितीवर कापा. कापाच्या खाली निदान चार-सहा पानं राहिली पाहिजेत.

हे वाचून बहुतेक जण थांबतात. पैसे देऊन आणलेलं, नुकतं कुठे धरलेलं रोप निम्मं कापायचं? हो. शेंडा गेला की झाडाचा जोर खालच्या डोळ्यांकडे वळतो. दोन-तीन आठवड्यांनी वाकून बघा: कापाच्या खाली पानांच्या बेचक्यांत मोहरीएवढे हिरवे फुगीर डोळे दिसतील, त्यांतून तीन-चार फांद्या जमिनीलगत आडव्या निघतील. तुमच्या कुंपणाचा खालचा दीड फूट तो हाच. हा पुढे कधीही मिळत नाही.

जे रोप अजून स्थिरावलेलं नाही, पानं लोंबलेली आहेत, ते सोडून द्या आणि पुढच्या जूनमध्ये कापा. ऑक्टोबर उजाडल्यावर करवंदीला कात्री नको.

कोयनेल आणि मेंदीला हीच छाटणी, फक्त आणखी खाली, चार-पाच बोटांवर, आणि पावसाळ्यात दर महिन्याने थोडी. गिरिपुष्पाच्या खुंटांना मात्र हा नियम नाही, ते डोक्याच्या उंचीवरच कापायचे.

## ९. पहिला उन्हाळा

पाऊस परतला की ओळीतलं गवत काढून रोपाभोवती पालापाचोळ्याचं तीन-चार इंच आच्छादन करा. खोडापासून चार बोटं जागा मोकळी, नाहीतर वाळवी थेट खोडावर चढते. नोव्हेंबर ते जानेवारी दहा-बारा दिवसांनी, फेब्रुवारी ते मे आठवड्याला एकदा, रोपामागे ५ ते ७ लिटर पाणी. मुरमाड जमिनीत अंतर कमी करा, काळ्यात वाढवा. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरवर हे सव्वा ते पावणेदोन तासांचं काम. रोज तांब्या-तांब्या पाणी घालून मुळं वरच राहतात. आठवड्यातून एकदा, पण खोलवर.

इशारा: मार्चमध्ये बांध पेटवायची पद्धत अजून आहे. शेजाऱ्याने बांध पेटवला तर कुंपणाचं पहिलं वर्ष तासाभरात जातं. फेब्रुवारीतच बाहेरच्या बाजूचा ३ फुटांचा पट्टा गवत कापून स्वच्छ करा आणि शेजाऱ्याला आधी सांगून ठेवा.

## १०. दुसरं आणि तिसरं वर्ष

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेलेल्या रोपांच्या जागी राखीव रोपं लावा. मग पहिल्या चांगल्या पावसानंतर दुसरी छाटणी. नियम एकच लक्षात ठेवा: नव्या वाढीतली निम्मी ठेवायची. फांदी फूटभर वाढली असेल तर अर्धा फूट ठेवायची. बाजूच्या फांद्यांचे शेंडेही तोडायचे, फक्त वरचे नाही. अशा हिशेबाने करवंद दुसऱ्या पावसाळ्याअखेर गुडघ्याच्या वर, तिसऱ्या वर्षी कमरेपर्यंत जाते. याहून वेगाने उंच नेलीत तर खालून विरळ होते.

लांब, लवचिक फांद्या कापण्याऐवजी शेजारच्या झाडात आडव्या गुंफा आणि सुतळीने सैल बांधा. दोन महिन्यांत त्या जागी राहतात. हातात जाड चामड्याचे मोजे असू द्या. करवंदीचा काटा मोडून आत राहिला की बोट आठवडाभर ठणकतं.

आकार बघा. खाली ३ फूट, वर २ फूट, म्हणजे वर निमुळता होत जाणारा. वरचा भाग रुंद झाला की खालच्या पानांना ऊन मिळत नाही आणि तळ पुन्हा उघडा पडतो. दोन्ही टोकांना बांबू तिरके रोवून दोरी ताणा आणि दोरीच्या बाहेरचं तेवढं कापा. फळं हवी असतील तर करवंदीची मुख्य छाटणी करवंदं उतरल्यावर, जूनमध्येच करा. हिवाळ्यात कापलीत तर फुलं धरणारे शेंडेच जातात.

## आधीच उघडं पडलेलं कुंपण

खोडं जिवंत आणि अंगठ्याएवढी असतील तर जूनमध्ये, पाऊस लागला की, सगळी ओळ एक फुटावर कापून टाका, मुळाशी घमेलंभर शेणखत घाला आणि आठव्या विभागापासून पुढे सगळं नव्याने करा. एक बाजू या वर्षी, दुसरी पुढच्या वर्षी असं केलंत तर निम्मी हद्द तरी झाकलेली राहते.

एखाद-दुसरीच फट असेल तर तिथे लहान रोप लावून उपयोग होत नाही, दोन्हीकडची मोठी झाडं त्याला ऊन आणि पाणी मिळू देत नाहीत. त्याऐवजी शेजारच्या झाडाची खालची लांब फांदी फटीकडे वाकवा, मधल्या भागाची साल अंगठ्याएवढ्या लांबीत खरवडा, तो भाग चार बोटं खोल मातीत दाबून वर एक दगड ठेवा आणि शेंडा बाहेर उभा बांधा. करवंद, कोयनेल आणि मेंदी तिन्हींना हे दाबकलम चालतं. जूनमध्ये दाबलेली फांदी दिवाळीपर्यंत हलवून बघू नका. पुढच्या पावसाळ्यात दगड काढून फांदी हळूच ओढा. ती माती धरून बसली असेल तर मुळं सुटली. मग तिचाही शेंडा एका वितीवर कापा. आईकडची फांदी मात्र तोडू नका, ती तिथे आडवी असलेलीच बरी.